देवराई, मुंबई मंडळ आणि बचत गट : संस्कृती धरून विकासकाम करताना संस्थांनी भागीदारी कशी बांधावी

कोकणातल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या गावात संस्थांची वाण नसते. ग्रामविकास मंडळ असतं आणि मुंबईत स्थायिक झालेल्या गावकऱ्यांचं मुंबई मंडळ असतं. देवस्थानची कमिटी वेगळी, वाडीवाडीचे बचत गट वेगळे. भजनी मंडळ, नमन (कोकणातलं लोकनाट्य) करणारं मंडळ, एखादं वाचनालय, आणि बाहेरून येऊन पाण्यावर किंवा आरोग्यावर काम करणारी एखादी संस्था. सगळे एकाच गावासाठी राबतात, पण एका सतरंजीवर क्वचितच बसतात. मी अशाच बाहेरून आलेल्या संस्थेतून रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं काम केलं. त्या अनुभवातून हा लेख लिहितो आहे, तो अशाच मंडळांच्या आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी.

विकासाच्या कामात संस्कृती आणायची म्हटलं की बहुतेक संस्था एकच करतात : कलापथक बोलावतात. शौचालयावर दहा मिनिटांचं नमन, हात धुण्यावर एक भारूड, मानधनाचं पाकीट, फोटो, आणि टेम्पो परत. मला हे पटत नाही. महाराष्ट्रात लोककला आणि समाजकारण यांचं नातं याहून फार खोल आहे. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, यांतले कलावंत स्वतःच चळवळीत होते. काय सांगायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. म्हणून भागीदारीचा विचार करताना पहिली अट मी ही धरतो : ज्यांच्याकडे ती परंपरा आहे, ती माणसं निर्णयाला बसली पाहिजेत, करारावर त्यांची सही पाहिजे आणि हिशोब त्यांना दिसला पाहिजे.

पहिली पायरी : गावातली मंडळं आणि गावाचं वर्ष समजून घ्या

एक वही घ्या आणि गावातल्या प्रत्येक मंडळासाठी एक पान ठेवा. नोंदणी आहे का, खजिनदार कोण, शेवटची बैठक कधी झाली, चावी कोणाकडे असते. हा चावीचा प्रश्न जरूर विचारा. भजनी मंडळाच्या पेटीची चावी, देवळाच्या भांड्यांची चावी, समाजमंदिराची चावी ज्याच्याकडे असते, त्याला विचारल्याशिवाय काही हलत नाही. कागदावरचा अध्यक्ष मात्र पुष्कळदा बोरिवलीला किंवा नालासोपाऱ्याला असतो.

नोंदणी नसलेली मंडळंही लिहा. शिमग्याला खेळे नेणारी पोरं, गौरीला झिम्मा-फुगड्या घालणाऱ्या बायका, लग्नात हळदीची गाणी म्हणणाऱ्या दोन म्हाताऱ्या, देवाचा गुरव. यांची संस्था नसते, लेटरहेड नसतं. पण संस्कृती राखणारे तेच आहेत.

दुसऱ्या वहीत गावाचं वर्ष मांडा. जून-जुलैत लावणी, गणपतीत चाकरमानी, म्हणजे मुंबईला नोकरी करणारे गावकरी, गावात, दसऱ्याच्या आसपास भातकापणी, शिमग्याला पालखी, मे महिन्यात लग्नं आणि पुन्हा चाकरमानी. प्रकल्पाचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि गावाचं वर्ष शिमगा ते शिमगा. दोन्ही जुळवायची जबाबदारी बाहेरून येणाऱ्या संस्थेची. मोठे निर्णय मे महिन्यात घ्या, कारण तेव्हा मुंबईचे आणि गावचे दोन्ही हजर असतात आणि शेतात घाई नसते. लावणीच्या दिवसांत बैठक लावून “लोकांचा प्रतिसाद नाही” असा अहवाल लिहिणं अन्यायाचं आहे.

दुसरी पायरी : एकच काम निवडा, पण जिथे परंपरा आणि पोट आधीच एकत्र आहेत असं

“सांस्कृतिक संवर्धन” असं मोघम नाव घेऊन भागीदारी सुरू केली की वर्षभर फक्त बैठका होतात. हातात धरता येईल असं काम हवं. आमच्यासाठी ते देवरहाटी होतं, म्हणजे देवराई, देवाच्या नावाने राखलेलं रान.

सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकातच मांडला होता. देवाच्या रानातली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, या नियमाने जुनी झाडं, गारंबीसारखे महावेल आणि पाण्याचे झरे टिकले, हे गावकऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. पाचोळा कुजतो, जमीन भुसभुशीत राहते, पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या वाडीच्या विहिरीला उन्हाळ्यातही आधार मिळतो. श्रद्धा, जंगल, पाणी आणि रानभाजी एकाच ठिकाणी. विकास आणि संस्कृती वेगवेगळ्या फायलींत टाकायला इथे वावच नव्हता.

आणि धोकाही तिथेच होता. मुंबई मंडळाने मोठ्या कष्टाने देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी जमवली होती. गिरणीत, पोर्टात, रिक्षावर घाम गाळलेल्या माणसांचे पैसे होते ते. त्यांना देऊळ मोठं, सिमेंटचं, टाइल्सचं हवं होतं, कारण त्यांच्या लेखी तीच गावाची प्रगती होती. नकाशाप्रमाणे सभामंडपासाठी नऊ झाडं जाणार होती. पर्यावरणवादी विरुद्ध भाविक असं भांडण इथे सहज पेटलं असतं, आणि मग आम्ही गावातून उठलो असतो. मुंबई मंडळाला विरोधक न समजता पहिला भागीदार समजायचं, हा निर्णय मला आजही सगळ्यात मोलाचा वाटतो.

सुरुवातीलाच एक काम उरका : त्या जागेचा सातबारा काढा. देवराई कुठे देवस्थानच्या नावावर असते, कुठे महसूल खात्याच्या, कुठे वन खात्याच्या, कुठे सामाईक खासगी. मालकी कळल्याशिवाय केलेली कुठलीही योजना पुढे अडते.

तिसरी पायरी : पहिली बैठक कुठे भरवता, याला फार महत्त्व आहे

इथे आमची मोठी चूक झाली. विषय देवरहाटीचा, म्हणून पहिली बैठक आम्ही देवळाच्या सभामंडपात ठेवली. मानकरी आले, मंडळाचे लोक आले, दोन वाड्यांतल्या बायका एका कडेला बसल्या. बौद्धवाडीच्या बचत गटाच्या पाच जणीही आल्या होत्या. त्या पायऱ्यांच्या खाली, पायात चपला तशाच ठेवून उभ्या राहिल्या. कोणी त्यांना “या” म्हटलं नाही आणि कोणी “नको” असंही म्हटलं नाही. दीड तास त्या उभ्या होत्या. देवरहाटीखालची विहीर त्यांच्याच वाडीला पाणी देते.

पुढची बैठक आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत घेतली आणि तेव्हापासून सगळ्या तिथेच. मानकऱ्यांपैकी काहींना ते लागलं. दोन बैठकांना ते आले नाहीत. आम्ही घरोघर जाऊन बोललो, पण जागा बदलली नाही. परंपरा जपायच्या कामात मानपानाची उतरंडही जपली जाण्याचा धोका कायम असतो. ती उतरंड मोडायचं धैर्य भागीदारीत नसेल, तर त्या भागीदारीला विकास म्हणता येणार नाही. म्हणून बैठकीची जागा अशी निवडा जिथे प्रत्येकाला हक्काने बसता येईल : शाळा, अंगणवाडी, वाचनालय, समाजमंदिर.

बोलण्याचा क्रमही आधी ठरवा. बायकांना शेवटी “तुमचं काही म्हणणं?” असं विचारलं की उत्तर येत नाही. आम्ही बचत गटांना पहिली पंधरा मिनिटं द्यायला लागलो. आणि बाहेरच्या संस्थेने पहिल्या बैठकीत प्रोजेक्टर लावू नये, ऐकावं.

चौथी पायरी : सगळ्यांनी मिळून पाहणी करा

कागदापेक्षा पायी फिरण्याने माणसं जवळ येतात. मे महिन्यात एका सकाळी आम्ही देवरहाटीत झाडं मोजायला गेलो. मुंबई मंडळाचे चिटणीस, गुरव, कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी, बचत गटाच्या बायका. शिक्षक शास्त्रीय नावं सांगत होते, मुलं लिहून घेत होती. नकाशातल्या चौथ्या झाडापाशी, एका जाडजूड किंजळीला हात लावून एक आजी थांबली. म्हणाली, “ह्याच्या मुळाखालून पाणी उतरतं. हा गेला की खालची बाव शिमग्यालाच आटेल.” चिटणीसांनी विचारलं, कशावरून? तिने खालच्या उतारावरची ओल दाखवली, तिथल्या भारंगीची पानं दाखवली. पावसात कुठे शेवळं येतात, कुठे फोडशी, कुठली भाजी पहिल्या पावसाची आणि कुठली गौरीच्या जेवणाची, हे ती चालता चालता सांगत गेली. मुलांची वही भरली. चिटणीस गप्प होते. परत येताना त्यांनी स्वतःच विषय काढला : मंडपाचं तोंड फिरवता येईल का, अभियंत्याला विचारू.

मंडपाची दिशा बदलली. नऊपैकी सात झाडं वाचली. उरलेल्या दोनांसाठी गावाच्या रीतीप्रमाणे गुरवाने देवाला कौल लावला. आमच्यातल्या काही शहरी कार्यकर्त्यांना कौल लावणं पटलं नव्हतं. माझं मत वेगळं आहे. कौल ही गावाची निर्णय घ्यायची जुनी रीत आहे आणि तिचा मान ठेवावा. पण कौल कोणाला लावता येतो हेही जन्माने ठरलेलं असतं, म्हणून एकट्या कौलावर काम सोडू नये. आधी शाळेतल्या बैठकीत चर्चा, ग्रामसभेत ठराव, आणि मग कौल, असा क्रम आम्ही धरला.

पाचवी पायरी : करार लिहा, साध्या मराठीत आणि दोन पानांत

तोंडी विश्वास गावात चालतो, पण पैसा आणि फोटो आले की तुटतो. वकिली मसुदा नको, सगळ्यांना वाचून दाखवता येईल असा कागद हवा.

मुदत एक वर्ष ठेवा, शिमगा ते शिमगा. प्रत्येक भागीदाराला एक मत, पैसे कोणीही किती घालो. नोंदणी नसलेल्या गटांच्या वतीने त्यांनीच निवडलेल्या दोन व्यक्तींनी सही करावी किंवा अंगठा द्यावा. बॅनरवर नावं कुठल्या क्रमाने येतील तेही लिहा. हसण्यावारी नेऊ नका, बॅनरवरून मोडलेली कामं मी पाहिली आहेत. आम्ही अक्षरक्रम लावला आणि वाद संपला. निवडणुकीच्या काळात कुठल्याही उमेदवाराचा फोटो कामाच्या ठिकाणी लागणार नाही, हे एक वाक्य घाला. एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, त्याच्याकडचं सामान, रोपं, वह्या कोणाकडे द्यायच्या, हेही.

सगळ्यात जपून लिहायचं कलम म्हणजे गाणी, माहिती आणि चित्रं कोणाची. ते पुढे नोंदीच्या पायरीत सांगतो.

सहावी पायरी : पैसा

कायद्याची बाजू आधी. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदलेली असते. भागीदारी करण्याआधी त्या संस्थेचे ताजे लेखापरीक्षण अहवाल बघा आणि विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज मंजूर आहे की पडून आहे ते विचारा. गावोगावच्या मंडळांची गाडी याच अर्जावर अडलेली असते, कारण जुने विश्वस्त वारलेले आणि नवे कागदावर आलेलेच नाहीत. ते दुरुस्त करून देणं ही मोठ्या संस्थेने छोट्या मंडळाला करण्याजोगी सर्वांत उपयोगी मदत.

कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येतो. त्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला, संस्कृती, सार्वजनिक वाचनालयं, पारंपरिक कला आणि हस्तकला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे “संस्कृतीला सीएसआर मिळत नाही” हे खरं नाही. पण घेणाऱ्या संस्थेकडे आयकर सवलतीच्या नोंदण्या (१२ए आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी हवी. परदेशी देणगीचं मात्र सांभाळा. एफसीआरए (परदेशी देणगी नियमन) कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. भागीदारीत हे पैसे असतील तर ज्या संस्थेला मिळाले तिनेच थेट खर्च करावा आणि आधी सीएशी बोलावं.

याचा परिणाम असा की पैसे बहुधा एकाच नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात येतात आणि सत्ता तिथे सरकते. त्यावर आम्ही काढलेला उपाय साधा आहे : दर महिन्याचा जमाखर्च एका मोठ्या कागदावर मार्करने लिहून शाळेच्या आणि देवळाच्या भिंतीवर लावायचा. कोणाला किती मानधन, टेम्पोला किती, चहाला किती.

कलावंतांना आणि माहिती देणाऱ्यांना त्यांच्या बुडालेल्या मजुरीपेक्षा जास्त द्या. “गावासाठीच आहे ना” म्हणून नमन मंडळाच्या वीस-पंचवीस जणांना रात्रभर फुकट नाचवायचं आणि संस्थेच्या समन्वयकाने पगार घ्यायचा, यात मला शोषण दिसतं.

सातवी पायरी : नोंद करा, पण संमतीने आणि नावासकट

इथे महाराष्ट्रातलं एक काम डोळ्यांसमोर ठेवावं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्यांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बायका, एक लाखाहून अधिक ओव्या. डोंगरातल्या गरिबांची संघटना, पुण्यातलं संशोधन केंद्र आणि पुढे त्या ओव्या लोकांपुढे आणणारं ‘परी’ हे ग्रामीण भारताचं संग्रहालय, अशी ही साखळी. मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव येतं. “लोकगीत, कवी अज्ञात” म्हणून मोकळं होणं त्यांनी टाळलं. आणि ओव्या गोळा करणारी माणसं त्याच डोंगरातली होती, म्हणून बायका मोकळेपणी गायल्या.

तुमच्या कामात एवढं पाळा. रेकॉर्डिंगच्या आधी ते कुठे ऐकवलं जाईल ते सांगा, आणि रेकॉर्डिंग झाल्यावर त्या बाईला ते परत ऐकवून पुन्हा विचारा. पहिला होकार अनेकदा पाहुण्याच्या भिडेपोटी दिलेला असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने सादर करणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे, तेव्हा लेखी संमती घ्या. प्रत गावात राहू द्या, वाचनालयात किंवा शाळेत. औषधी झाडपाल्याची माहिती, देवाच्या आतल्या विधींची माहिती सगळ्यांनी “लिहा” म्हटलं तरच लिहा. वैदूने सांगितलेलं कुठलं मूळ कशावर चालतं ते आमच्या वहीत आहे, पण छापलेल्या पुस्तिकेत नाही. त्याची तशी इच्छा होती.

आठवी पायरी : ग्रामपंचायतीशी जोडून घ्या

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही घाईघाईने भरलेली असते. तुमची पाहणी आणि आजीबाईंची माहिती त्या नोंदवहीत नेली तर देवराईला सरकारी दप्तरात जागा मिळते. ग्रामपंचायत विकास आराखड्यात झऱ्याची दुरुस्ती, रोपवाटिका, वाचनालयाचा कोपरा ही कामं घालून घ्या. त्याआधी महिला सभेत विषय येऊ द्या. रानभाज्यांच्या दिवसांत कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे बचत गटांना त्यांच्याच नावाने पाठवा.

प्रस्ताव लिहिताना मोठे संदर्भही कामी येतात. युनेस्कोच्या सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेविषयीच्या २००५ च्या करारात नागरी संस्थांच्या सहभागावर (कलम ११) आणि शाश्वत विकासात संस्कृती सामावण्यावर (कलम १३) स्वतंत्र कलमं आहेत, आणि भारताने तो करार स्वीकारला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या ध्येयांत संस्कृतीला वेगळं ध्येय मिळालं नाही, पण ११.४ हे लक्ष्य वारशाच्या रक्षणाचं आहे. एवढं पुरे. यापुढची जागा गावाच्या वर्णनाला ठेवा.

भांडणं झाली तर

होतीलच. मुंबई मंडळ म्हणेल पैसा आमचा, गाव म्हणेल राबणं आमचं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाकडून इथे शिकण्यासारखं आहे. देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने त्या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची रीत बसवली आणि ग्रामसभेआधी विषय खोलात समजून घ्यायला अभ्यास गट चालवला. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. त्याच्या कितीतरी आधी, त्यांनी बांधलेलं घोटुल वन खात्याने पाडलं तेव्हा आसपासच्या गावांनीही घोटुलं उभी केली होती. गोंड तरुणांची ती परंपरागत जागा गावाच्या संघटनेचा कणा ठरली. बाहेरची संस्था तिथे सोबत होती, निर्णय गावाचा होता.

आमच्याकडे सर्वसहमती दरवेळी झाली नाही. पण एखाद्या गटाचा ठाम विरोध असेल तर तो विषय पुढच्या बैठकीपर्यंत बाजूला ठेवायचा, हा नियम आम्ही केला. वेळ गेला, माणसं राहिली.

काय मोजायचं

देणगीदार हजेरी मागतात, ती द्या. स्वतःसाठी मात्र वेगळं मोजा. विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरलं? काठीला खुणा करून दर पंधरा दिवसांनी शाळेतली मुलं मोजू शकतात. बैठकीत बायका किती वेळा बोलल्या आणि त्यांच्या सांगण्याने काय बदललं? नमन मंडळात नवी पोरं किती आली? संस्थेचा माणूस नसताना किती बैठका झाल्या? हा शेवटचा आकडा मी सर्वांत आधी बघतो.

वर्षाची बैठक आमच्याकडे पालखी देवळात परत बसली की तिसऱ्या दिवशी, शाळेच्या व्हरांड्यात होते. करार वाचला जातो, बदल सुचवले जातात, पुन्हा सह्या होतात. गेली दोन वर्षं जमाखर्च बौद्धवाडीच्या बचत गटाची खजिनदार वाचते, आणि मुंबई मंडळाचे चिटणीस समोर बसून वहीत आकडे ताडून बघतात.